निरीक्षणगृहातली शाळा: पट कसा धरायचा, शिक्षक किती द्यायचे?

म्हादईकाठी (धागाकर्ती)

नमस्कार. सरकारी शाळांच्या पटसंख्येवर आपण इथे पुष्कळ बोललो आहोत. सत्तरीतल्या एकशिक्षकी शाळा, पाच-सहा मुलांवर तग धरून असलेले वर्ग, कुलूप लागलेल्या इमारती. एका शाळेचा विषय मात्र इथे निघालेला मी पाहिला नाही. हातून गुन्हा घडल्याचा आरोप असलेल्या, अठराच्या आतल्या मुलांसाठी निरीक्षणगृहात वर्ग भरतो, तिचा. जुनी माणसं ज्याला रिमांड होम म्हणतात, तिथल्या शाळेचा.

गोव्यात मेरशीला 'अपना घर' आहे, महिला व बाल विकास संचालनालयाच्या अखत्यारीत. पेपरात ते नाव येतं तेव्हा बातमी बहुतेक वेळा मुलं पळून गेल्याची असते. अशा गृहांत शिकवतं कोण, मुलं कितवीतली असतात, त्यांची नावं कुठल्या हजेरीपटावर असतात, हे कुणी विचारत नाही. मला त्या एका संस्थेवर बोट ठेवायचं नाही. प्रश्न देशभरच्या निरीक्षणगृहांचा आहे आणि गोवा लहान असल्यामुळे तो इथे सोडवता येण्याजोगा आहे, असं मला मनापासून वाटतं.

माझं सगळं आयुष्य सरकारी प्राथमिक शाळेत गेलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शिक्षक किती मिळणार हे पटावरून ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, शिवाय गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना स्वतंत्र माणूस. वर्षाच्या सुरुवातीला आलेलं मूल वर्षअखेरपर्यंत तेच राहणार, असं या हिशोबात धरलेलं असतं. निरीक्षणगृहात नेमकं हेच खरं नसतं.

समजा एखाद्या गृहात कुठल्याही दिवशी १० मुलं असतात आणि एक मूल सरासरी ३ आठवडे राहतं. पट दिसतो १०. पण वर्षभरात त्या वर्गातून जाणारी मुलं होतात जवळजवळ १७०. दहाचा पट बघून कुणीही अधिकारी म्हणेल, एक अर्धवेळ माणूस पुरे. आणि त्या अर्धवेळ माणसाला १७० मुलांना नावानं ओळखायचं असतं. प्रत्येकाला कुठवर येतं ते तपासायचं, जुन्या शाळेशी बोलायचं, दाखल्याचं बघायचं आणि मूल सुटून जाताना पुढच्या शाळेच्या हाती काहीतरी द्यायचं. गावच्या शाळेत वर्षाला १७० नवे प्रवेश झाले तर आपण कारकून मागू, दुसरा शिक्षक मागू. इथे मागणारं कुणी नाही, कारण पालक सभेला येत नाहीत आणि आमदाराला या शाळेतून मतं नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. या शाळेला त्या दिवशीच्या हजेरीवर शिक्षक देऊ नयेत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, कॅज्युअल्टीत रात्री किती डॉक्टर ठेवायचे हे बारा वाजता किती खाटा भरल्यात यावरून आपण ठरवत नाही, तसंच हे. मुलं येती-जाती आहेत म्हणूनच शिक्षक कायमचा हवा.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. वकील मंडळींनीही.

---

वकीलबाई_म्हापसा

म्हादईताई, विषय काढलात ते बरं झालं. कायद्याची बाजू मांडते.

सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. निरीक्षणगृह हे चौकशी चालू असलेल्या मुलांसाठी, कलम ४७. दोष सिद्ध झाल्यावर बाल न्याय मंडळ ज्यांना ठेवायचा आदेश देतं त्यांच्यासाठी विशेष गृह, कलम ४८. हे दोन वेगळे आहेत आणि लोक ते एकत्र करतात. निरीक्षणगृहातल्या मुलानं काही केलंय हे अजून ठरलेलंच नसतं.

मुलाला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. जामीन हा नियम, ठेवून घेणं हा अपवाद. चौकशी पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत संपवायची, किरकोळ गुन्ह्यांत फार तर आणखी २ महिने. म्हणजे कायद्यालाच मूल तिथे फार काळ राहायला नको आहे. ताईंनी मांडलेली ये-जा म्हणजे व्यवस्थेतली गडबड नव्हे, कायदा नीट चालल्याची ती खूण आहे. शाळेनंच स्वतःला तिच्याप्रमाणे बेतलं पाहिजे.

आता शिक्षण. कलम ५३ मध्ये पुनर्वसनाच्या सेवा दिल्यात, त्यात योग्य शिक्षण आहे आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षण हक्क कायदाच लागू. पण निरीक्षणगृहात येणारी मुलं बहुतेक पंधरा-सोळा-सतराची असतात. त्यांच्यासाठी 'योग्य शिक्षण' म्हणजे किती तास, किती शिक्षक, कोणत्या पात्रतेचे, याला शिक्षण हक्क कायद्यासारखं घट्ट माप नाही. चौदाव्या वर्षी हक्क संपतो आणि पुढे सगळं अधीक्षकाच्या मनावर आणि निधीवर.

आणखी एक सांगते, हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं दर ३ महिन्यांनी किमान एकदा प्रत्येक गृहाला भेट द्यायची. पथकात किमान ३ माणसं, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलीच पाहिजे. शिक्षक असलाच पाहिजे असं कुठेही नाही. म्हणून अहवालात जेवण येतं, संडास येतात, औषधं येतात. वह्या उघडून बघणारं कुणी नसतं.

---

खाजन

कुणाला दुखवायचं नाही, पण माझ्या मनातलं लिहितो. आमच्या वाड्यावरची प्राथमिक शाळा पट कमी म्हणून शेजारच्या गावात विलीन केली. सहा-सात वर्षांची भुरगीं आता रस्त्यानं चालत जातात, पावसात ओहोळ भरला की घरी बसतात. त्यांना एक शिक्षक देता आला नाही. आणि इथे दहा मुलांसाठी दोन-तीन कायम पदं मागायची? सरकार पहिल्यांदा कुणाकडे बघणार?

---

म्हादईकाठी

खाजनभाऊ, तुमच्या वाड्यावरची शाळा गेली हे चुकीचंच झालं, आणि त्या प्रश्नावर मी तुमच्या बाजूनं उभी आहे. दोन्ही ठिकाणी घात करणारं माप एकच आहे: डोकी मोजायची आणि पद काढून घ्यायचं. ओहोळ मोजत नाहीत, चालण्याचं अंतर मोजत नाहीत, तसं इथे वर्षात किती मुलं आली हे मोजत नाहीत. एकाचं काढून दुसऱ्याला द्या असं मी म्हणत नाही.

---

पायवाट

मी महाराष्ट्रातल्या एका निरीक्षणगृहात शिकवत होतो. नाव देत नाही. आता काणकोणला असतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरून हा वर्ग डोळ्यांपुढे येत नाही.

सकाळी वर्गात कोण असेल हे आदल्या संध्याकाळी सांगता येत नाही. मंडळाच्या बैठकीच्या दिवशी अर्धा वर्ग गाडीत बसून गेलेला. कुणाला वकील भेटायला आलेत, कुणाला दवाखान्यात नेलंय, कुणाची आई आलीय. रात्री नवा मुलगा आलाय, तो भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि त्याला आज फळ्याकडे बघ म्हणायचं नसतं. एकाच चटईवर सातवीत शाळा सुटलेला, दहावीची परीक्षा तोंडावर आलेला आणि स्वतःचं नाव लिहिताना अडखळणारा. हा तिसरा पैशांचा तोंडी हिशोब माझ्यापेक्षा वेगानं करायचा.

धड्यानंतर धडा ही पद्धत तिथे चालत नाही. आज सुरू केलेलं आजच पुरं झालं पाहिजे, कारण उद्या तो मुलगा नसेल. मी एकेका दिवसाचे तुकडे केले होते. एसटीचं वेळापत्रक वाचणं. टक्केवारी, पण ती मजुरीतून मुकादमानं कापलेल्या पैशांची. अर्ज लिहिणं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पहिलं वाचायचं असतं ते स्वतःच्या केसचं कागदपत्र. त्यात काय लिहिलंय, पुढची तारीख कोणती. अक्षरओळखीसाठी त्याहून चांगलं पुस्तक मला सापडलं नाही. 'जामीन' हा शब्द मुलं एका दिवसात वाचायला शिकतात.

कंपास आत चालत नाही, टोक असतं म्हणून. पेन्सिली मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. शार्पनर माझ्या खिशात. भूमिती मी दोरी आणि खडूनं जमिनीवर शिकवली. हे नियम चुकीचे नाहीत, मुलं स्वतःला इजा करून घेतात. पण शिक्षक एकटा असला की मोजामोजीतच तासातला मोठा वेळ जातो. शिक्षकाला मदतनीस लागतो तो यासाठी.

आता नेमणुकांबद्दल, कारण धाग्याचा विषय तो आहे. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं असायचं. मध्ये खंड, मग पुन्हा आदेश. तो खंड वर्गानंच भरून काढायचा. केंद्राच्या नमुना नियमांतला कर्मचाऱ्यांचा तक्ता बघितलात तर अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी (मुलाची घरची-शाळेची माहिती काढणारा), समुपदेशक, काळजीवाहक, स्वयंपाकी हे सगळे आहेत, आणि शिक्षक आहे तो अर्धवेळ किंवा स्वयंसेवी. तिथेच शाळेची किंमत ठरून जाते. पुढे काळजीवाहकाची पदं रिकामी राहिली की शिक्षकाला दारावर बसवतात. मीही बसलोय. शाळेतल्या शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरी बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण मी शिक्षण खात्याचा नव्हतोच. आणि ज्या हातानं सकाळी कुलूप लावलं त्याच हातानं दुपारी पाढे शिकवायला गेलो की मुलगा तुमच्याशी मोकळेपणानं बोलत नाही. शिक्षकाचं पद गृहाच्या आस्थापनेवर असू नये, ते शिक्षण खात्याचं असावं, असं माझं ठाम मत त्यातून झालं.

---

अबोली

पायवाटसर, जमिनीवर दोरीनं भूमिती वाचून फार वेळ थांबले.

मी वास्कोला प्राथमिकला शिकवते. एक गोष्ट गोव्याची म्हणून जोडते. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी, काही ठिकाणी कन्नड, उर्दू, हिंदीही. पाचवीपासून हायस्कूल बहुतेक सगळं इंग्रजीतून. जुवारीनगर, बायणा इथली बांधकाम-मजुरांची मुलं घरी कन्नड किंवा लमाणी बोलतात, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी, आणि पाचवीत एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी. सहावी-सातवीपर्यंत रेटतात आणि मग बापाबरोबर साइटवर जायला लागतात. ही मुलं गुन्ह्याकडे जातात असं मी म्हणत नाही, कृपा करून कुणी तसं वाचू नका. पण शाळेतून गळलेलं मूल पोलिसांच्या नजरेत आधी येतं आणि त्याला सोडवायला येणारं माणूस उशिरा येतं, हे मी बघितलंय.

म्हणून गोव्यातल्या अशा वर्गाला पदं ठरवताना डोकी नव्हे, भाषा मोजल्या पाहिजेत. मराठी-कोंकणी येणारा एक आणि कन्नड-हिंदी येणारा एक, एवढं तरी. तीन मुलं असली तरी.

---

रानजाई

मुलींचं काय? मुलगे आणि मुली वेगळे ठेवायचे असतात. निरीक्षणगृहात मुली फार कमी येतात. म्हणजे एखाद्या वेळी एकच मुलगी असणार. तिच्या एकटीसाठी वर्ग भरतो का?

---

पायवाट

रानजाई, मी होतो तिथे मुलग्यांचंच गृह होतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकत नाही. पण पटावर पद देण्याच्या पद्धतीत त्या मुलीच्या वाट्याला शिक्षिका येणं अशक्यच आहे. एकच्या पटाला कोण मंजुरी देणार. धागाकर्तींच्या मुद्द्याला याहून सरळ पुरावा नको.

---

केरीकर

मी शाळेत युडायसचं, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचं काम बघतो, म्हणून या बाजूनं लिहितो.

आता प्रत्येक शाळेला ११ आकडी युडायस कोड आहे आणि प्रत्येक मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक. मूल शाळा सोडून गेलं की पोर्टलवर ते ड्रॉपबॉक्समध्ये जातं. दुसऱ्या शाळेनं तिथून ओढून घेतलं की तिच्या पटावर चढतं. कुणीच ओढलं नाही तर तिथेच पडून राहतं, आणि आकडेवारीत तो गळालेला विद्यार्थी.

निरीक्षणगृहातल्या वर्गाला कोड नसेल तर तो मुलाला ओढून घेऊच शकत नाही. मुलगा रोज चटईवर बसून शिकतोय, पण कागदावर तो शाळाबाह्य. इकडे त्याच्या जुन्या शाळेत काय होतं तेही सांगतो. महिनाभर गैरहजर, घरी फोन लागत नाही, मग कुणाकडून तरी कळतं पोरगा कुठे आहे. मुख्याध्यापकाला वाटतं ब्याद गेली. नाव कमी होतं. सुटून आल्यावर पोरगा दारात उभा राहतो तेव्हा त्याचं नाव कुठेच नसतं.

माझी सूचना: अशा वर्गाला स्वतंत्र शाळा म्हणून मान्यता आणि कोड द्यावा. कोड आला की पट येतो, पट आला की पद येतं, समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचा निधी येतो.

---

वकीलबाई_म्हापसा

केरीकर, तुमचं निदान बरोबर आहे, पण उपायाला माझा विरोध आहे आणि तो जोरदार आहे.

स्वतंत्र शाळा झाली की तिचं नाव दाखल्यावर येणार. गुणपत्रिकेवर येणार. मुलाच्या क्रमांकाला ते आयुष्यभर चिकटणार. अकरावीला, आयटीआयला, नोकरीला जाईल तिथे पहिला कागदच सांगणार की हा कुठे होता. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि त्यात नाव-पत्त्याबरोबर 'शाळा' हा शब्द स्पष्ट आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. कलम २४ सांगतं की दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे मुलाला पुढे अपात्र धरता येत नाही. सोळा पुरी केलेल्या ज्या मुलाला बाल न्यायालय प्रौढासारखं वागवतं तेवढा अपवाद. नव्यानं सुरुवात हे या कायद्याचं मूलतत्त्व म्हणून कलम ३ मध्ये लिहिलेलं आहे. निधी मिळवायला आपण मुलाच्या कपाळावर शिक्का मारून घेणार का?

---

केरीकर

हे माझ्या लक्षात आणून दिलंत, आभार. पण मग कोड नको तर पट कुठे चढवायचा? पट नसलेली शाळा सरकारला दिसत नाही, हेही तितकंच खरं आहे ना.

---

म्हादईकाठी

दोघांचंही पटतं, आणि मला वाटतं वाट मधून जाते. निरीक्षणगृहातला वर्ग ही जवळच्या सरकारी हायस्कूलची एक तुकडी समजावी. इमारत वेगळी, हजेरीपट त्याच शाळेचा. ज्याचं जुन्या शाळेत नाव आहे ते तिथेच ठेवावं, गैरहजेरी लावू नये, आणि ज्याचं कुठेच नाही त्याला या हायस्कूलनं दाखल करून घ्यावं. दाखल्यावर त्या हायस्कूलचं नाव येईल, जिथे शेकडो मुलं शिकतात. कुणाला काही कळायचं कारण नाही. शिक्षक त्या हायस्कूलच्या आस्थापनेवर, शिक्षण खात्याचे, ठरावीक वर्षांसाठी या तुकडीवर पाठवलेले. पायवाटसर म्हणतात तो कुलपाचा प्रश्नही सुटतो, कारण तो शिक्षक अधीक्षकाच्या हाताखाली नसेल. तुकडीचा पट शून्यावर आला तरी पद जात नाही, कारण पद मोठ्या शाळेचं आहे. मुलं नसतील तेव्हा शिक्षक मुख्य शाळेत शिकवेल.

माझ्या नोकरीत मी अशी सोय एका वेगळ्या कारणासाठी चाललेली बघितली आहे, दूरच्या वाड्यासाठी. खात्याला हे नवीन नाही.

---

सांजवात

सगळे प्रतिसाद वाचले. मला वेगळं लिहायचं आहे, राग मानू नका.

माझ्या भाच्याला अशाच वयाच्या तिघांनी मारहाण केली. त्याचा एक कान कायमचा गेला. त्याचं शाळेचं वर्ष गेलं, त्याच्यासाठी घरी शिक्षक पाठवायला कुठलंच खातं आलं नाही. माझी बहीण अजून त्याच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात हेलपाटे घालते. इथे त्या मुलांच्या शिक्षकासाठी एवढी तळमळ बघून माझ्या घशात काहीतरी अडकलं.

---

पायवाट

सांजवातताई, राग कसला मानायचा. तुमच्या भाच्याला घरी शिक्षक मिळायला हवा होता. ते मिळालं नाही हा अन्यायच, आणि त्यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

मी शिकवलेल्या मुलांत कुणालातरी असंच मारून आलेले होते. मला ते माहीत असायचं. त्यांच्या वहीत दुरुस्ती करताना ते विसरलो नाही. पण दोष सिद्ध झाला तरी विशेष गृहात ठेवायची मर्यादा ३ वर्षं. पंधराचा मुलगा अठराला त्याच रस्त्यावर परत येणार आहे, तुमचा भाचाही तिथेच असणार आहे. मधल्या काळात त्याच्याशी रोज बोलणारं, त्याला विचार करायला लावणारं एक मोठं माणूस असावं, एवढंच मला हवंय. ते माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतं. समुपदेशकापुढे मुलं सावध बसतात, फळ्यापुढे हळूहळू सैल होतात.

---

सांजवात

समजलं. मन तयार व्हायला वेळ लागेल. भाच्याच्या बाबतीत काय करता येईल ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

वकीलबाई_म्हापसा

सांजवात, व्यक्तिगत निरोप पाठवते. गोव्यात पीडित मुलांसाठी मदतीची आणि भरपाईची तरतूद आहे, कागदपत्रं कोणती लागतील ते सांगते. उशीर झाला असं समजू नका.

---

अबोली

एक कल्पना सुचली. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे आणि त्यात जवळजवळ २० आठवडे शाळेतला प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. पणजी, फोंडा इथे बी.एड. महाविद्यालयं आहेत, पर्वरीला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. दर वर्षी दोन-तीन छात्रशिक्षक या तुकडीवर का पाठवू नयेत? माणसं लगेच मिळतील.

---

पायवाट

अबोलीताई, मदतनीस म्हणून जरूर यावेत. पेन्सिली मोजण्यापासून नाव लिहायला शिकवण्यापर्यंत कामच काम आहे, आणि पुढे कुठल्याही शाळेत गेले तरी त्यांना याचा उपयोग होईल. पण पदाच्या जागी नकोत. या मुलांच्या आयुष्यात सोडून जाणारी मोठी माणसं भरपूर झालेली असतात. छात्रशिक्षकाचे आठवडे संपले की तोही जाणार. एकदा फुकट माणसं मिळाली की खातं पद भरत नाही, हेही मी भोगलंय. आधी कायम शिक्षक, मग त्याच्या हाताखाली छात्रशिक्षक. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

---

खाजन

मी वर विरोध केला होता. सगळं वाचून मत बरंचसं बदललं. हायस्कूलची तुकडी ही गोष्ट पटली, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा शिक्षक जात नाही. एक विचारतो. दहावी कशी देणार ही मुलं? तीन आठवड्यांत काय दहावी होणार?

---

केरीकर

खाजन, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची वाट आहे. वय १४ पूर्ण असलं की दहावीला नोंदणी होते. एकेक विषय सुटा देता येतो, पाच वर्षांत नऊ संधी, मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. माध्यमांत मराठी आहे. चौदाच्या आधी शाळा सुटलेल्यांना तिसरी, पाचवी, आठवी यांना समकक्ष असे अ, ब, क स्तर आहेत. मूल सुटून बेळगावला गेलं किंवा विजापूरला गेलं तरी नोंदणी त्याच्याबरोबर जाते. येत्या-जात्या मुलासाठी याहून सोयीचं काही मला दिसत नाही. नोंदणी करून देणारा, फोटो-आधार गोळा करणारा, तारखेवर लक्ष ठेवणारा माणूस मात्र लागतो. तो अर्धवेळ असून भागत नाही.

---

पायवाट

यात एक भर. जो मुलगा आधीच बोर्डाच्या परीक्षेला बसलाय आणि मधेच आत आलाय, त्याला ओढून मुक्त विद्यालयात घालू नका. त्याचं हॉल तिकीट मिळवा, बाल न्याय मंडळाची परवानगी घ्या आणि त्याच्याच केंद्रावर साध्या वेशातल्या पोलिसाबरोबर पाठवा. गणवेशातला पोलीस वर्गाबाहेर उभा राहिला की मुलगा पेपर सोडून उठतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं असा शेवटचा पेपर दिला आणि पास झाला. त्यासाठी मला जितके फोन करावे लागले ते शिक्षकाच्या कुठल्याच कामाच्या तक्त्यात बसत नाहीत.

---

म्हादईकाठी

या चर्चेवरून मी एक निवेदन लिहायला घेतलंय. शिक्षण संचालनालय आणि महिला व बाल विकास संचालनालय, दोघांना एकत्रच द्यायचं, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल. मुख्य मागणी शेजारच्या हायस्कूलच्या तुकडीची. पदं त्या दिवशीच्या पटावर नकोत, वर्षभरात आलेल्या एकूण मुलांवर आणि त्यांच्या भाषांवर ठरवा. मुलगी एकटी असली तरी शिक्षिका. जुन्या शाळेतलं नाव कमी करायचं नाही. तपासणीच्या पथकात एक शिक्षणतज्ज्ञ घ्यावा, कायद्यात 'किमान ३' म्हटलंय म्हणजे चौथा घ्यायला आडकाठी नाही. जी पदं आज रिकामी आहेत ती कर्मचारी निवड आयोगाकडून भरून घ्यावीत. संपूर्णा बेहुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी २०१८ ला बाल न्याय व्यवस्थेतली रिकामी पदं भरायला सांगितलेलं आहे, त्याचा हवाला देते.

वकीलबाई, एक शंका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केल्यास मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई, असं आहे. पण ते आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलाचं नाव जुन्या शाळेनं कमी केलं तर कशाच्या आधारे थांबवायचं?

---

वकीलबाई_म्हापसा

तिथे बाल न्याय मंडळाचा आदेश कामी येतो. परिवीक्षा अधिकाऱ्यानं १५ दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. त्यात मुलगा कुठल्या शाळेत कितवीत आहे हे आलं, आणि शाळा चालू ठेवण्याची शिफारस आली, की मंडळ तसा आदेश देऊ शकतं. मग मुख्याध्यापकावर तो बंधनकारक. पण त्यासाठी अहवाल लिहिण्याआधी शिक्षकानं परिवीक्षा अधिकाऱ्याला माहिती दिली पाहिजे, पहिल्या आठवड्यातच. निवेदनात ही ओळ घाला: मूल दाखल झाल्यापासून ७ दिवसांत शिक्षकानं शैक्षणिक टिपण परिवीक्षा अधिकाऱ्याकडे द्यावं. मसुदा मला पाठवा, कलमांचे आकडे तपासून परत करते.

---

अबोली

कन्नड भाषेचा मुद्दा मसुद्यात राहू दे, ताई. वास्कोच्या शिक्षकांच्या सह्या मी आणते.

---

खाजन

केपे-सांगेच्या बाजूच्या सह्या माझ्याकडे द्या.